जो डॉन लूनी

जो डॉन लूनी (१० ऑक्टोबर १९४२ – २४ सप्टेंबर १९८८) हा अमेरिकन फुटबॉल या खेळातील एक अमेरिकी खेळाडू होता. १९६२ साली ओक्लाहोमा विद्यापीठाच्या संघातून खेळताना त्याने एकाच हंगामात देशभर नाव मिळविले. परंतु पुढील हंगामाच्या प्रारंभीच वर्तनविषयक तक्रारींमुळे त्याला संघातून काढून टाकण्यात आले. १९६४ ते १९६९ या काळात पाच व्यावसायिक संघांनी त्याला घेतले. मात्र एकाही संघात तो स्थिरावला नाही. खेळ सुटल्यानंतर तो स्वामी मुक्तानंद यांचा अनुयायी झाला आणि ठाणे जिल्ह्यातील गणेशपुरी येथील आश्रमात राहून तेथील हत्तीची देखभाल करू लागला. असामान्य गुणवत्ता असूनही मैदानाबाहेरील कारणांमुळे वाया गेलेल्या कारकिर्दीचे उदाहरण म्हणून अमेरिकी क्रीडाइतिहासात त्याचा उल्लेख होतो.

== कुटुंब व बालपण ==

लूनीचा जन्म टेक्सास राज्यातील सॅन अँजेलो येथे झाला. त्याचे वडील डॉन लूनी हे स्वतः नामांकित फुटबॉलपटू होते. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाच्या १९३८ मधील राष्ट्रीय विजेत्या संघात ते होते. १९४० साली फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघाकडून खेळताना त्यांनी एका हंगामात ५८ चेंडू झेलून त्या काळचा विक्रम केला. पुढे त्यांनी याच खेळात पंच म्हणूनही काम केले. अशा घरात वाढलेल्या मुलाकडून खेळातील यशाची अपेक्षा लहानपणापासूनच होती आणि शरीरसंपदेची देणगीही त्याला लाभली होती. त्याचे शालेय शिक्षण फोर्ट वर्थ शहरातील पास्कल हायस्कूलमध्ये झाले.

‘लूनी’ हे त्याचे वंशपरंपरागत आडनाव होते. इंग्रजीत याच उच्चाराचा एक शब्द ‘वेडपट’ या अर्थाने रूढ आहे. वडिलांच्या बाबतीत या योगायोगाची कोणी फारशी दखल घेतली नाही. मुलाच्या बाबतीत मात्र वृत्तपत्रांना आयताच शब्दखेळ मिळाला आणि त्याच्या प्रत्येक कृतीचा अर्थ आडनावाच्या आधारे लावण्याची प्रथा पडली.

== खेळाचे स्वरूप ==

लूनीच्या कामगिरीचे मोल कळण्यासाठी या खेळाची थोडी ओळख आवश्यक आहे. अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडील फुटबॉलहून वेगळा खेळ आहे. त्यात प्रत्येक संघाचे ११ खेळाडू १०० यार्ड लांबीच्या मैदानावर लंबगोल चेंडू मुख्यतः हातात घेऊन किंवा फेकून पुढे नेतात. चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकल्यास चेंडू त्याच संघाकडे राहतो. तीन प्रयत्न फसल्यास संघ बहुधा चौथ्या प्रयत्नात चेंडू लाथेने दूर उडवून प्रतिस्पर्ध्याला शक्य तितके मागे ढकलतो. या फटक्याला ‘पंट’ म्हणतात.

लूनी हा चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, म्हणजे हाफबॅक होता. सहा फुटांहून अधिक उंची आणि सुमारे शंभर किलो वजन असूनही त्याच्या पायांत विलक्षण वेग होता. शिवाय तो पंट मारण्यातही निष्णात होता. ही दोन्ही कौशल्ये इतक्या उच्च दर्जाने एकाच खेळाडूत क्वचितच आढळतात. अनेक प्रशिक्षक वजन उचलण्याच्या व्यायामाकडे संशयाने पाहत, त्या काळात लूनीने तो नेमाने केला. मेहनतीचा त्याला कंटाळा नव्हता. ती दुसऱ्याच्या हुकमाने करणे त्याला मानवत नसे.

== महाविद्यालयीन कारकीर्द ==

लूनीने प्रथम टेक्सास विद्यापीठात प्रवेश घेतला. परंतु अभ्यासाकडे दुर्लक्ष झाल्याने तेथे त्याचा टिकाव लागला नाही. त्यानंतर तो वडिलांच्या टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठात दाखल झाला, पण तेथूनही त्याला लवकरच बाहेर पडावे लागले. मग त्याने ओक्लाहोमा राज्यातील लॉटन येथील कॅमेरॉन कनिष्ठ महाविद्यालयाची वाट धरली. १९६१ च्या हंगामात कॅमेरॉनच्या यशात त्याचा मोठा वाटा होता. या कामगिरीमुळे त्याला ओक्लाहोमा विद्यापीठाचे दार उघडले.

ओक्लाहोमाचे प्रशिक्षक बड विल्किन्सन हे त्या काळातील अत्यंत प्रतिष्ठित प्रशिक्षक होते. त्यांच्या संघाने १९५३ ते १९५७ या काळात सलग ४७ सामने जिंकले होते. शिस्त, संयम आणि सांघिक भावना हे त्यांच्या पद्धतीचे आधार होते. १९६० नंतर मात्र संघाची पूर्वीची धाक बसविणारी ताकद ओसरली होती आणि त्यांना गुणी खेळाडूंची निकड होती.

२२ सप्टेंबर १९६२ रोजी हंगामातील पहिला सामना सिराक्यूज विद्यापीठाशी झाला. अखेरची काही मिनिटे उरली असता ओक्लाहोमा ०–३ असा मागे होता. तोवर राखीव खेळाडूंत बसलेल्या लूनीने आपल्याला मैदानात उतरविण्याचा आग्रह धरला, असे सांगितले जाते. चेंडू हाती येताच प्रतिस्पर्ध्यांची फळी फोडून तो ६० यार्ड धावला आणि ओक्लाहोमाने सामना ७–३ असा जिंकला. या एका धावेने तो राज्यात घरोघरी परिचित झाला.

त्या हंगामात लूनीने धावून ८५२ यार्ड मिळविले आणि पंटच्या सरासरी अंतरात देशात पहिला क्रमांक पटकावला. ओक्लाहोमाने ‘बिग एट’ या आठ विद्यापीठांच्या गटाचे विजेतेपद मिळविले. १ जानेवारी १९६३ रोजी मायामी येथे अलाबामा विद्यापीठाविरुद्ध झालेल्या ऑरेंज बोल सामन्यात मात्र संघ ०–१७ असा हरला. हा सामना पाहण्यास राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी उपस्थित होते.

== संघातून हकालपट्टी ==

या यशाने लूनीचे संघाशी असलेले नाते सुधारले नाही. सराव टाळणे, प्रशिक्षकांशी हुज्जत घालणे आणि सहकाऱ्यांपासून तुटक राहणे अशा तक्रारी वाढत गेल्या. गुणवत्तेकडे पाहून संघाने त्या काही काळ सहन केल्या. २८ सप्टेंबर १९६३ रोजी ओक्लाहोमाने लॉस एंजेलिस येथे गतविजेत्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला १७–१२ असे हरविले, तेव्हा लूनी त्या संघात होता. १२ ऑक्टोबरला टेक्सास विद्यापीठाकडून ७–२८ असा पराभव झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत विल्किन्सन यांनी त्याला संघातून काढून टाकले.

सरावाच्या वेळी एका साहाय्यक प्रशिक्षकावर हात उगारल्याची घटना या निर्णयामागे असल्याचे सांगण्यात आले. ती घटना हेच खरे कारण होते, की साचलेल्या नाराजीला मिळालेले निमित्त होते, याविषयी पुढे मतभेद राहिले. जोवर संघ जिंकत होता तोवर त्याचे वर्तन चालवून घेतले गेले आणि पराभव होताच ते असह्य ठरले, या घटनाक्रमाकडे दुर्लक्ष करता येत नाही. त्या हंगामाबरोबर विल्किन्सन यांचीही प्रशिक्षकपदाची कारकीर्द संपली.

== व्यावसायिक कारकीर्द ==

हकालपट्टीनंतरही व्यावसायिक संघांना त्याचा मोह आवरला नाही. १९६४ च्या खेळाडू-निवडीत न्यूयॉर्क जायंट्सने त्याला पहिल्याच फेरीत, एकूण बाराव्या क्रमांकावर निवडले. परंतु सराव शिबिरात तो महिनाभरही टिकला नाही. घोट्यांना पट्ट्या बांधण्याचा नियम त्याने नाकारला. आपले घोटे आपल्यालाच ठाऊक, असे त्याचे म्हणणे होते. रात्री ठरलेल्या वेळेनंतर परतल्याबद्दल दंड झाला, तेव्हा आदल्या रात्री आपण वेळेआधी झोपलो होतो, म्हणून संघच आपले देणे लागतो, असा हिशेब त्याने मांडला. अशा कथा पुढे तिखटमीठ लावून सांगितल्या गेल्या. हट्टी पण बुद्धिमान विद्यार्थी शिक्षकाला पेचात पकडतो तशा प्रकारचा तर्क त्या सर्वांत दिसतो.

जायंट्सने त्याला बाल्टिमोर कोल्ट्सकडे धाडले. तेथील प्रशिक्षक डॉन शूला यांच्या संघाने त्या वर्षी अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत मजल मारली. लूनीच्या वाट्याला मात्र पोलीस प्रकरण आले. नोव्हेंबर १९६४ मध्ये तो मित्रासह रात्री चुकीच्या सदनिकेचे दार तोडून आत शिरला आणि तेथील रहिवाशांशी मारामारी झाली. न्यायालयाने त्याला दंड केला व परिवीक्षेवर सोडले.

१९६५ मध्ये तो डेट्रॉइट लायन्सकडे गेला. पुढील हंगामात सामना चालू असताना प्रशिक्षक हॅरी गिल्मर यांनी त्याला मैदानातील सहकाऱ्याकडे डावाचा निरोप नेण्यास सांगितले. निरोपच द्यायचा असेल तर तार कंपनीला सांगावे, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. हा किस्सा अमेरिकी फुटबॉलमध्ये आजही सांगितला जातो. हसू आणणाऱ्या या प्रसंगाची किंमत मोठी होती, कारण डेट्रॉइटने त्याला लगेच वॉशिंग्टनच्या संघाकडे पाठविले. तेथेही दोन हंगामांपलीकडे त्याचा मुक्काम झाला नाही.

== व्हिएतनाम व निवृत्ती ==

लूनी सैन्याच्या राखीव दलात होता. १९६८ मध्ये त्याच्या तुकडीला व्हिएतनाम युद्धासाठी पाचारण करण्यात आले. राखीव सैनिकांनी या आदेशाला न्यायालयात दिलेले आव्हान निष्फळ ठरले. व्हिएतनाममध्ये इंधनाच्या टाक्यांच्या रक्षणाचे काम त्याच्याकडे होते. परतल्यावर १९६९ मध्ये तो न्यू ऑर्लीन्स सेंट्सकडून मोजके सामने खेळला आणि दुखापतीनंतर त्याची कारकीर्द थांबली. साऱ्या व्यावसायिक कारकिर्दीत त्याने धावून मिळविलेले यार्ड सातशेच्या थोडे वर भरतात. महाविद्यालयातील १९६२ च्या एका हंगामातील त्याची कमाई याहून अधिक होती.

== भटकंती व गणेशपुरी ==

खेळ संपल्यानंतरचा काळ अस्थिरतेचा होता. त्याचा विवाह टिकला नाही, तो अमली पदार्थांच्या आहारी गेला आणि आशियात भटकला. अमेरिकेत नोंदणी नसलेली मशीनगन बाळगल्याच्या प्रकरणात तो दोषी ठरला व पुन्हा परिवीक्षेवर सुटला. याच वर्षांत शाकाहार, ध्यान आणि पौर्वात्य तत्त्वज्ञान यांकडे त्याचे मन वळू लागले.

१९७० च्या दशकाच्या मध्यास तो स्वामी मुक्तानंद (१९०८–१९८२) यांच्या शिकवणुकीकडे ओढला गेला. गणेशपुरीचे संत नित्यानंद यांचे शिष्य असलेले मुक्तानंद यांनी १९५६ मध्ये तेथे आश्रम स्थापन केला होता. १९७० पासूनच्या विदेश दौऱ्यांमुळे त्यांचा अमेरिकेत मोठा अनुयायीवर्ग तयार झाला होता. तानसा नदीचा परिसर आणि गरम पाण्याची कुंडे यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावी लूनी येऊन राहिला. आश्रमात प्रत्येकाला काही सेवा नेमून दिली जात असे. लूनीकडे हत्तीची देखभाल आली.

माहुताचे काम हे पहाटेपासूनचे काम असते. चारा, पाणी, अंघोळ, साफसफाई यांत एका दिवसाचीही सुट्टी नसते. हत्तीपुढे माणसाचे बळ चालत नाही आणि त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो. संयम राखावा लागतो. पाच संघांच्या प्रशिक्षकांना जे साधले नाही ते येथे घडले. ज्याने निरोप पोहोचविण्याचेही काम कमीपणाचे मानले, त्याने मुक्या प्राण्याची सेवा स्वीकारली आणि ती मन लावून केली. या वर्षांत तो शांत व मृदू झाल्याचे त्याच्या परिचितांनी नोंदविले आहे. २ ऑक्टोबर १९८२ रोजी मुक्तानंद यांचे निधन झाले.

== अखेरचा काळ व मृत्यू ==

अमेरिकेत परतल्यानंतर लूनी पश्चिम टेक्सासमधील अल्पाइन गावाजवळच्या निर्जन डोंगराळ भागात घुमटाकार घरात राहू लागला. प्रसिद्धीपासून तो दूर होता. २४ सप्टेंबर १९८८ रोजी बिग बेंड परिसरातील महामार्गावर एका वळणावर त्याची मोटारसायकल रस्त्याबाहेर गेली आणि वयाच्या ४५ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला.

== मूल्यमापन ==

लूनीचे नाव दीर्घकाळ विनोदी किश्श्यांपुरते उरले होते. १९९३ मध्ये जे. ब्रेंट क्लार्क यांनी लिहिलेले ‘थर्ड डाउन अँड फॉरेव्हर’ हे त्याचे चरित्र प्रसिद्ध झाले आणि किश्श्यांमागच्या माणसाचा गांभीर्याने विचार झाला.

त्याच्या अपयशाची जबाबदारी प्रथम त्याच्यावरच येते. मारामारी व बेशिस्त यांचे समर्थन करता येत नाही आणि सांघिक खेळात सहकाऱ्यांचा विश्वास गमावणाऱ्याला स्थान उरत नाही. तथापि, तीन महाविद्यालये बदलून आलेल्या तरुणाला चौथ्या संस्थेने आणि नंतर पाच संघांनी घेतले, ते त्याच्या पायांतील वेगासाठी. प्रत्येक नव्या संधीने आधीचा प्रश्न तसाच पुढे ढकलला गेला. गुणवत्तेमुळे दारे सहज उघडत गेल्याने स्वतःत बदल करण्याची निकड त्याला कधी भासलीच नाही, आणि ती भासली तेव्हा खेळण्याचे वय निघून गेले होते. महाविद्यालयीन खेळाडू घडविताना त्याच्या कौशल्याइतकीच मनाचीही काळजी घेतली पाहिजे, या चर्चेत लूनीचे उदाहरण म्हणूनच महत्त्वाचे ठरते.