मनाच्या ऊर्जेचा हिशेब

उचकी लागली, की कुणीतरी आठवण काढत असणार, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. मनातला विचार तारेवाचून, टपालावाचून दूर पोहोचतो, असा भाबडा विश्वास त्यामागे असतो. असाच विश्वास उराशी धरून एका जर्मन डॉक्टराने सारी हयात प्रयोगशाळेत घालवली. त्याचे नाव हान्स बर्गर.

१८७३ साली कोबुर्गजवळच्या एका गावात त्यांचा जन्म झाला. आईचे वडील फ्रीडरिश र्‍युकर्ट हे नामवंत कवी आणि पौर्वात्य भाषांचे पंडित. नल-दमयंतीची कथा त्यांनी जर्मनमध्ये नेली होती. नातवाला मात्र ताऱ्यांची ओढ. खगोलशास्त्र शिकण्यासाठी तो विद्यापीठात गेला, पण लवकरच शिक्षण थांबवून लष्करी सेवेत दाखल झाला.

तेथे सरावाच्या वेळी घोडा उधळला आणि हान्स तोफगाड्याच्या वाटेत कोसळला. गाडा अगदी ऐनवेळी थांबला. त्याच संध्याकाळी वडिलांची तार आली, खुशाली विचारणारी. भाऊ संकटात आहे असे बहिणीला तीव्रतेने जाणवले होते आणि तिच्याच आग्रहावरून ती तार धाडली गेली होती. दुसरा एखादा योगायोग म्हणून विसरून गेला असता. बर्गर यांनी खगोलशास्त्र सोडले आणि वैद्यकाची वाट धरली.

१८९७ पासून येना येथील मनोरुग्णालयात त्यांचे काम सुरू झाले. ऊर्जा नष्ट होत नाही, रूप बदलते, हा भौतिकशास्त्राचा नियम त्यांनी मनाला लावून पाहिला. मेंदूला रक्तातून मिळणारी ऊर्जा ही जमा. उष्णता आणि वीज हा खर्च. घरखर्चाच्या वहीसारखा ताळेबंद मांडला, तर उरेल ती मनाची ऊर्जा! यासाठी त्यांनी मेंदूचा रक्तप्रवाह मोजला, तापमान मोजले, १९१० मध्ये त्यावर ग्रंथही लिहिला. ताळेबंद काही जुळला नाही.

अखेर ते विजेकडे वळले. सशांच्या आणि माकडांच्या मेंदूत वीज असल्याचे इंग्लंडच्या रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्येच दाखवले होते. ६ जुलै १९२४ रोजी कवटीवर शस्त्रक्रिया झालेल्या एका सतरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून बर्गर यांनी मानवी मेंदूच्या लहरी टिपल्या. आपण फसत तर नाही ना, या शंकेने ते पाच वर्षे गप्प राहिले. स्वतःच्या मुलावरही पुनःपुन्हा प्रयोग केले. १९२९ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला.

त्यातून एक गंमत पुढे आली. डोळे मिटून माणूस स्वस्थ बसला, की सेकंदाला सुमारे दहा लहरी ठळक उमटत. डोळे उघडले किंवा मनात गणित सोडवू लागला, की त्या विरत. विचार सुरू झाला, की लहर मोठी होण्याऐवजी मावळत होती!

सुरुवातीला फारसे कुणी लक्ष दिले नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी पडताळा घेतला, तेव्हा बर्गर यांचे नाव जगभर झाले.

या चरित्राला काळी बाजूही आहे. नाझी राजवटीत सक्तीच्या नसबंदीचे निवाडे देणाऱ्या न्यायालयात ते सदस्य होते. मनाचे गूढ शोधणाऱ्या माणसाने मनोरुग्णांविरुद्धच्या त्या अन्यायात साथ द्यावी, हे विसरता येत नाही. १९३८ मध्ये ते निवृत्त झाले. बहिणीच्या तारेची हकीकत त्यांनी १९४० मध्ये पुस्तकात लिहिली. पुढल्याच वर्षी, १ जून १९४१ रोजी, नैराश्याने ग्रासलेल्या बर्गर यांनी येना येथे आत्महत्या केली.

आज आपल्याला ठाऊक आहे, की मेंदू सुमारे वीस वॅटवर, म्हणजे एका मंद दिव्याएवढ्या ऊर्जेवर चालतो. १९५५ मध्ये अमेरिकेत झालेल्या मोजणीत, गणित सोडवतानाही मेंदूचा एकूण खर्च वाढलेला आढळला नाही. टाळूवर पोहोचणारी वीज इतकी क्षीण, की टॉर्चचा एक सेल तिच्या तीसएक हजार पट भरेल. ती दुसऱ्या गावी काय, पलीकडच्या खोलीतही निरोप नेऊ शकत नाही. विचार दूरवर पोहोचतो, याचा सर्वमान्य पुरावा विज्ञानाला अजून मिळालेला नाही.

बर्गर यांचा हिशेब चुकला. टिपलेल्या लहरी मात्र खऱ्या निघाल्या. फिट येणाऱ्या मुलाच्या डोक्याला तारा चिकटवून डॉक्टर ईईजी काढतात, तेव्हा त्या कागदावरच्या नागमोडी रेषांतून आजाराचा माग लागतो. बहिणीच्या त्या तारेचे उत्तर शोधता शोधता हे साधन हाती आले आहे.