गणेश दैवज्ञ

गणेश दैवज्ञ (जन्म: सुमारे इ.स. १५०७; मृत्यू: इ.स. १५५४ नंतर) हे सोळाव्या शतकातील कोकणातील ज्योतिर्गणिती, टीकाकार आणि ‘ग्रहलाघव’ या करणग्रंथाचे कर्ते होत. शके १४४२ (इ.स. १५२०) हे आरंभवर्ष धरून रचलेल्या या ग्रंथावरून महाराष्ट्र, गुजरात व कर्नाटकाच्या मोठ्या भागातील पंचांगे तीनशेहून अधिक वर्षे तयार होत होती. ज्योतिष या शब्दाने आज फलज्योतिष सूचित होते. गणेशांची कीर्ती मात्र मुख्यतः ग्रहगणितावर, म्हणजे आकाशातील ग्रहांची स्थाने काढण्याच्या शास्त्रावर उभी आहे.

जन्म व घराणे

गणेशांचे गाव नंदिग्राम, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील मुरूड-जंजिऱ्याजवळचे समुद्रकाठचे नांदगाव. वडिलांचे नाव केशव आणि आईचे लक्ष्मी. गोत्र कौशिक. केशव स्वतः मोठे ज्योतिषी होते. त्यांचा ‘ग्रहकौतुक’ हा करणग्रंथ शके १४१८ (इ.स. १४९६) मधील असून ‘मुहूर्ततत्त्व’ व ‘जातकपद्धती’ हे त्यांचे ग्रंथही प्रसिद्ध आहेत.

गणेशांच्या जन्माविषयी एक दंतकथा आहे. केशवांनी वर्तविलेले ग्रहण वेळेवर जुळले नाही, राजदरबारी त्यांचा उपहास झाला. तेव्हा त्यांनी नांदगावच्या गणपतीची आराधना केली आणि गणपतीने त्यांच्या पोटी पुत्ररूपाने जन्म घेण्याचे वचन दिले. कथेचा चमत्काराचा भाग बाजूला ठेवला, तरी तिच्यातील मूळ दुखणे खरे आहे. पोथीतील गणित आणि डोळ्यांना दिसणारे आकाश यांचा मेळ त्या काळी बसत नव्हता. केशवांनी आपल्या ग्रंथावरील विवरणात ब्राह्म, आर्य आणि सौर या तिन्ही पक्षांच्या गणिताने येणारे ग्रह प्रत्यक्ष वेधाशी कोठे कोठे जुळत नाहीत, हे नोंदविले आहे. समुद्रकाठच्या एका खेड्यात एका माणसाने घेतलेले हे वेध हाच गणेशांचा खरा वारसा होय.

जन्मवर्ष १५०७ मानल्यास ग्रहलाघवाच्या आरंभवर्षी गणेश तेरा वर्षांचे ठरतात, आणि त्यांनी तेराव्या वर्षी ग्रंथ रचला अशी आख्यायिका आहे. मात्र करणग्रंथाचे आरंभवर्ष आणि तो लिहून पूर्ण झाल्याचे वर्ष ही एकच असली पाहिजेत असे नाही.

ग्रहलाघव

ग्रहगणिताच्या सिद्धांतग्रंथांत गणना कल्पाच्या किंवा युगाच्या आरंभापासून होते. करणग्रंथ त्याऐवजी एखादे जवळचे वर्ष आरंभ म्हणून घेतो. कलियुगाच्या आरंभापासून शके १४४२ च्या चैत्र शुद्ध प्रतिपदेपर्यंत सुमारे १६ लाख ८८ हजार दिवस होतात. एवढ्या संख्येला ग्रहाच्या गतीने गुणून त्याचे स्थान काढणे हे पाटीवर हिशेब करणाऱ्या जोशाला किती जिकिरीचे असेल, याची कल्पना करता येईल.

गणेशांनी यावर काढलेली तोड नामी आहे. त्यांनी ११ वर्षांचे, ४०१६ दिवसांचे एक ‘चक्र’ कल्पिले. अकरा वर्षांत साधारणपणे १३२ चांद्रमास आणि ४ अधिकमास मिळून १३६ मास होतात, आणि त्यांचे दिवस जवळजवळ ४०१६ च भरतात. इष्ट शकातून १४४२ वजा करून ११ ने भागावे. भागाकार ही गेलेली चक्रे आणि बाकी ही चालू चक्रातील गेलेली वर्षे. उदाहरणार्थ, शके १९४६ साठी वजाबाकी ५०४ येते, म्हणजे चक्रे ४५ आणि बाकी वर्षे ९. पूर्ण चक्रांमुळे ग्रहाच्या स्थानात पडणारा फरक एका ठरावीक अंकाने (ध्रुवाने) मिळतो आणि दिवसांचा हिशेब फक्त चालू चक्रापुरता उरतो. त्यामुळे दिवसगण, ज्याला अहर्गण म्हणतात, किती शतके लोटली तरी चार हजारांच्या आसपासच राहतो. वारही ताडून पाहता येतो. ४०१६ ला ७ ने भागल्यास ५ उरतात, म्हणून अहर्गणात चक्रांची पाचपट मिळवून ७ ने भागावे आणि सोमवारपासून मोजावे. कारण आरंभदिवस, १९ मार्च १५२०, हा सोमवार होता.

दुसरी सोय याहूनही धाडसाची आहे. मध्यम ग्रहावरून स्पष्ट ग्रह काढताना ज्या (आजच्या भाषेत साइन) लागते. गणेशांनी ज्या आणि चाप ग्रंथातून पूर्णपणे काढून टाकले आणि त्यांच्या जागी साध्या गुणाकार-भागाकाराच्या रीती दिल्या. सूर्याची रीत पाहावी. सूर्याच्या मंदोच्चापासूनच्या अंतराच्या (भुजेच्या) अंशांना ९ ने भागावे, तो भागाकार २० मधून वजा करून त्याच भागाकाराने गुणावे. या गुणाकाराचा नववा भाग ५७ मधून वजा करावा आणि जे उरेल त्याने मूळ गुणाकाराला भागावे. भुज ९० अंश असता गुणाकार १०० येतो, भाजक सुमारे ४५.८९, आणि फळ सुमारे २ अंश ११ कला. ज्या वापरून सूर्यसिद्धांताने येणारे परमफळ याच्याशी एका कलेच्या आतच जुळते.

सोपेपणासाठी गणेशांनी अचूकता विकली, असा आक्षेप घेतला जातो. तो वरील उदाहरणात तरी टिकत नाही.

वेध आणि निवड

ग्रहलाघवाचे खरे मोल मात्र सोपेपणात नाही. त्या काळचे ज्योतिषी एखाद्या पक्षाला बांधलेले असत. कोणी सौरपक्षाचा, कोणी आर्यपक्षाचा. गणेशांनी कोणताही एक पक्ष पूर्ण स्वीकारला नाही. सूर्य आणि चंद्राचे उच्च त्यांनी सौरपक्षातून घेतले, चंद्रही सौरपक्षाचाच, पण ९ कला कमी करून. गुरू, मंगळ व राहू आर्यपक्षाचे. शनी आर्यपक्षाचा, पण ५ अंश वाढवून. बुधाचे केंद्र ब्राह्मपक्षाचे आणि शुक्राचे केंद्र ब्राह्म व आर्य यांच्या मध्यावरचे. असे घेतले असता ग्रह आकाशात दिसतात तेथेच येतात, एवढेच कारण ते देतात. ग्रंथाच्या अधिकारापेक्षा दृक्प्रत्यय, म्हणजे डोळ्यांची साक्ष, त्यांनी वरची मानली.

याच काळात युरोपातही जुन्या कोष्टकांविषयी असमाधान वाढत होते. कोपर्निकस यांचा सूर्यकेंद्री मांडणीचा ग्रंथ १५४३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा गणेश हयात होते. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि तुलनाही मर्यादेतच करावी. गणेशांनी ग्रहांचे अंक सुधारले, विश्वाची मांडणी बदलली नाही. त्यांची पृथ्वी स्थिरच राहिली. पुढे केप्लर यांनी मंगळाच्या स्थानातील ८ कलांची चूक सोडून न देता ग्रहकक्षा वर्तुळाकार असल्याचे गृहीतच टाकून दिले आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळाचा नियम मांडला. गणेशांनी चंद्राच्या ९ कला वजा केल्या आणि ते थांबले. केप्लर यांच्या हाताशी टायको ब्राहे यांचे अनेक वर्षांचे अखंड वेध होते, नांदगावात घरच्या वेधांपलीकडे काही नव्हते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

इतर ग्रंथ

‘लघुतिथिचिंतामणी’ (शके १४४७) आणि ‘बृहत्तिथिचिंतामणी’ हे तिथी, नक्षत्र व योग झटपट काढून देणारे कोष्टकग्रंथ आहेत. ‘विवाहवृंदावन’ व वडिलांचे ‘मुहूर्ततत्त्व’ यांवर त्यांच्या टीका आहेत.

भास्कराचार्यांच्या लीलावतीवरील ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका (इ.स. १५४५) मात्र स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. तीत गणेश नुसता अर्थ सांगत नाहीत, उपपत्ती देतात. वर्तुळाचे दोन अर्ध करून प्रत्येकाच्या केंद्रापासून परिघापर्यंत अनेक चिरा पाडाव्यात, ते उलगडून करवतीच्या दात्यांप्रमाणे एकमेकांत बसवावेत. म्हणजे अर्धा परीघ ही लांबी आणि त्रिज्या ही रुंदी असलेला आयत होतो आणि क्षेत्रफळ डोळ्यांसमोर उभे राहते. वर्गात कागद कापून हीच कृती आजही दाखविली जाते. परीघ व व्यास यांचे ३९२७ : १२५० हे गुणोत्तर षट्कोनापासून बाजू दुप्पट करीत ३८४ बाजूंपर्यंत गेल्यास मिळते, हेही त्यांनी तेथे सांगितले आहे. ज्या वगळणारा हा गणिती ज्येचे शास्त्र न जाणणारा नव्हता, याचा हा पुरावाच होय.

ग्रंथाचे पुढील आयुष्य

बृहत्तिथिचिंतामणीत गणेशांनी पूर्वीच्या आचार्यांची परंपरा सांगितली आहे. प्रत्येकाचे गणित आपापल्या काळी बरोबर होते, कालांतराने ते शिथिल झाले आणि पुढच्याने सुधारले. आपलेही गणित असेच शिथिल होईल, तेव्हा वंशजांनी ग्रहणे व युती पाहून ते दुरुस्त करावे, अशी अपेक्षा त्यांनी व्यक्त केली आहे.

तसे झाले नाही. ग्रहलाघवावर गंगाधर, मल्लारी व विश्वनाथ यांनी टीका लिहिल्या, उदाहरणे सोडवून दाखविली. जोशी मंडळींनी ग्रंथ मुखोद्गत केला. पण आरंभीचे अंक वेधाने पुन्हा तपासण्याचे काम मागे पडले. गणेशांचे शिष्य, गोदावरीकाठच्या गोलग्रामचे दिवाकर यांचे घराणे पुढे काशीत नावारूपास आले. त्याच घराण्यातील कमलाकर यांनी १६५८ मध्ये ‘सिद्धांततत्त्वविवेक’ रचला आणि त्यात सूर्यसिद्धांत अपौरुषेय मानून त्यात बदल करण्यास विरोध केला. तीन पिढ्यांत चाक उलटे फिरले, असे म्हणावेसे वाटते.

ग्रहलाघवाचे वर्षमान प्रत्यक्ष नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. वर्षाला हा फरक नगण्य, पण तो साचत जातो. एकोणिसाव्या शतकात ग्रहणांच्या वेळा आणि ग्रहांचे उदयास्त पंचांगाशी जुळेनासे झाले होते. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले, तारुण्यात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत काम केलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये युरोपीय वेधांवर आधारलेली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत प्रसिद्ध केली. गणेशांची अपेक्षा पुरी करणारा माणूस त्यांच्या वंशात नव्हे, पण त्यांच्याच किनाऱ्यावर निपजला. छत्रे यांच्या गणितावरून आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने शके १७८७ (इ.स. १८६५) पासून नवे पंचांग निघू लागले. ते पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. सण व व्रतांच्या तिथी बदलतील या भीतीने बहुसंख्य लोकांनी ते स्वीकारले नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हाही महाराष्ट्रातील बहुतेक घरांत ग्रहलाघवी पंचांगच वापरात होते.