सौभद्रकारांचे ऋण

आज २ नोव्हेंबर. १८८५ साली याच दिवशी बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, म्हणजे अवघ्या महाराष्ट्राचे अण्णासाहेब, गुर्लहोसूर या आपल्या जन्मगावी कालवश झाले. वय अवघे ४२ वर्षांचे होते. तीन दिवसांनी मराठी रंगभूमिदिन येईल. गावोगावच्या नाट्यगृहांत पूजन होईल, हार पडतील आणि नांदी गायिली जाईल. ती नांदी बहुधा अण्णासाहेबांचीच असेल. परंतु ती भक्तिभावाने ऐकणाऱ्या आपणांपैकी कितीजणांस या गृहस्थाने आपल्या घरांवर केलेल्या उपकारांची जाणीव आहे, याविषयी आम्हांस शंका आहे.

अण्णासाहेबांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी बेळगाव जिल्ह्यात झाला. त्याच वर्षीच्या ५ नोव्हेंबरला विष्णुदास भावे यांनी सांगलीस सीतास्वयंवराचा खेळ केला. मराठी रंगभूमी आणि तिला गाणे देणारा पुरुष एकाच वर्षी जन्मास यावे, हा योगायोग मनोहर खरा. भाव्यांच्या पद्धतीत गाण्याचा भार मुख्यत्वे सूत्रधारावर असे. तो पदे म्हणे आणि पात्रे त्या अनुरोधाने आयत्या वेळी सुचतील ती भाषणे करीत. या परंपरेत पुढे अनेक मंडळ्या निघाल्या, आणि राक्षसांच्या आरडाओरड्यामुळे अशा खेळांस अललडुर्र हे टोपणनाव पडले. नाटक्या म्हणवून घेणे ही भल्या घरात लाजेची गोष्ट होती. नाटकाच्या नादाने मुलगा बिघडतो, हा समज सार्वत्रिक होता.

अण्णासाहेब तसे बिघडलेच होते. कानडी आणि मराठी या दोन्ही भाषांच्या सहवासात ते वाढले. पुढे शिक्षणासाठी पुण्यास आले, तेथे नाटकमंडळ्यांस पदे रचून देऊ लागले, आणि शिक्षण अर्धवट राहिले. नंतर बेळगावी शिक्षकाची व मग सरकारी कचेरीतील नोकरी त्यांनी पत्करली. दिवसा सरकारी कागद आणि रात्री पदांची जुळणी, असा हा संसार. मध्यंतरी शांकरदिग्जय हे गद्य नाटक लिहून झाले. पण त्यात त्यांस आपला मार्ग सापडला नव्हता.

तो सापडला १८८० साली, पुण्यात. पारशी मंडळीचा इंद्रसभा हा गायनप्रधान खेळ पाहून त्यांच्या मनाने घेतले की असे नाटक मराठीत झाले पाहिजे. कालिदासाचे शाकुंतल त्यांनी मराठीत आणावयास घेतले, आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी आनंदोद्भव नाट्यगृहात त्याचे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत होते, तर बाळकोबा नाटेकर कण्व. आता प्रत्येक पात्र आपले सुखदुःख स्वतः गाऊ लागले होते.

त्या रात्री चारच अंक झाले, हे वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे. शाकुंतलाचा चौथा अंक म्हणजे आश्रमातून कन्येची पाठवणी. ज्या काळी आठ-दहा वर्षांच्या मुली सासरी जात, त्या काळच्या प्रेक्षकांसमोर एक विरक्त ऋषी मुलीला निरोप देताना गहिवरला, आणि तेथेच पडदा पडला. सभागृहातील कोणत्या बापास हा प्रसंग परका वाटला असेल? त्यात पदांच्या चाली साकी-दिंडीच्या, कीर्तनात आणि घरात कानांवरून गेलेल्या. आमच्या मते अण्णासाहेबांच्या यशाचे वर्म येथे आहे. त्यांनी दुःख सौम्य केले नाही. त्याला घरातला सूर दिला. म्हणूनच प्रेम आणि वियोग हे विषय वडीलधाऱ्यांच्या शेजारी मान खाली न घालता पाहता येऊ लागले.

शाकुंतलाची कथा कालिदासाची होती. सौभद्राची महाभारतातील असली तरी त्या नाटकाची रचना सर्वस्वी अण्णासाहेबांची. त्याचे पहिले तीन अंक १८ नोव्हेंबर १८८२ रोजी झाले आणि संपूर्ण नाटक पुढील वर्षी रंगभूमीवर आले. शंभराहून अधिक पदे, आणि सुभद्रेच्या भूमिकेत बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर! बलरामाने सुभद्रा दुर्योधनास देऊ केली आहे हे कळताच अर्जुन खचतो आणि संन्यास घेण्यास निघतो. इकडे सुभद्रा झुरते आहे. थोरला भाऊ शब्दाचा हट्टी, धाकटा युक्तिबाज, भावजय समजूतदार: द्वारकेचा तो राजवाडा पाहता पाहता आपल्याकडील एखादा एकत्र कुटुंबाचा वाडा होऊन जातो. मुलीच्या मनाचा विचार न घेता तिचे लग्न ठरवावे काय, हा त्या काळी घराघरांत दबलेला प्रश्न अण्णासाहेबांनी व्याख्यान न देता, हसत हसत सर्वांसमोर मांडला. आजी, सून आणि नात अशा तिघींनाही तो कळावा, इतका तो सरळ मांडला.

त्यांच्या कार्याच्या मर्यादा आम्ही दृष्टीआड करीत नाही. ती सुभद्रा पुरुष होती. स्त्रीला रंगभूमीवर स्वतःचे दुःख स्वतः गाण्यास पुढे कित्येक वर्षे थांबावे लागले. पदांची संख्याही आजच्या प्रेक्षकास जड जाईल. शिवाय पुढील काळात गाणे नाटकास गिळू लागले, त्याचे बीज काही अंशी याच यशात होते.

१८८४ साली त्यांनी रामराज्यवियोग हाती घेतले. अभिषेकाच्या उंबरठ्यावरून रामास वनात जावे लागते, हा विषय. त्याचे तीनच अंक रंगभूमीवर आले. पुढील वर्षी लेखकच गेले आणि नाटक अपुरे राहिले. आयुष्यातील अवघ्या शेवटच्या पाच वर्षांत एवढे कार्य झाले, हे पाहिले म्हणजे मन थक्क होते.

तथापि शिक्षकाचे धन शिष्यांत असते. आम्हीही काही वर्षे खडू हाती धरला असल्याने हे स्वानुभवाने सांगू शकतो. बेळगावी अण्णासाहेबांच्या हाताखाली शिकलेले गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ साली शारदा रंगभूमीवर आणले. त्यात पुराणाचाही आधार उरला नाही. म्हाताऱ्यास विकली जाणारी शेजारची मुलगीच नायिका झाली. गुरूने दिलेला सूर शिष्याने समाजाच्या जखमेवर नेमका नेऊन ठेवला.

आणि आपण काय करीत आहोत? सहकुटुंब पाहण्याजोगे नाटक म्हणजे ज्यात कोणालाच काही लागत नाही असे नाटक, अशी समजूत वाढते आहे. मुलांना दुःख दाखवू नये म्हणून आपण त्यांस केवळ गमतीच्या खेळांस नेतो. आणि दुःखाची नाटके मोठ्यांनी एकट्याने पाहावयाची ठरतात. अण्णासाहेबांचे चरित्र याच्या अगदी उलट साक्ष देते. ज्या घराने एकत्र बसून कण्वाबरोबर डोळे पुसले, ते घर आपल्या मुलीच्या पाठवणीच्या वेळी अधिक शहाणे झाले असेल, असे आम्ही मानतो.

सौभद्राचे प्रयोग अवश्य व्हावेत. परंतु केवळ जुने जतन केल्याने हे ऋण फिटणार नाही. आजच्या घरातील प्रेम आणि ताटातूट, परदेशी गेलेली मुले, मागे राहिलेले आईबाप, यांस आजचा सूर देणारे नवे संगीत नाटक लिहिले गेले पाहिजे. आणि लिहिले गेल्यावर ते पाहण्यास आपण तिकीट काढून, मुलाबाळांसह गेले पाहिजे. कचेरीतील एका नोकरदाराने फावल्या वेळात जे आरंभिले, ते पुढे नेणे आपणांसारख्या नोकरदारांच्या शहरास अवघड वाटू नये.