निर्जीव मानलेल्या मातीत जीवन शोधणारा शास्त्रज्ञ

अंटार्क्टिका म्हटले की डोळ्यांसमोर अथांग बर्फ उभा राहतो. परंतु त्याच खंडावर मॅकमर्डो सामुद्रधुनीजवळ अशी काही खोरी आहेत, जेथे बर्फ टिकत नाही. बोचरे वारे, नाममात्र हिमवर्षाव आणि खारट, कोरडी माती यांमुळे हा भूभाग मंगळाशी साधर्म्य सांगतो. डिसेंबर १९७३ मध्ये याच परिसरात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वोल्फ व्हिश्नियाक यांचा मृत्यू झाला. ही माती खरोखरच निर्जीव आहे का, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ते तेथे गेले होते.

व्हिश्नियाक यांचा जन्म २२ एप्रिल १९२२ रोजी बर्लिनमध्ये झाला. पूर्व युरोपातील ज्यू समाजाचे जीवन छायाचित्रांतून जतन करणारे रोमान व्हिश्नियाक हे त्यांचे वडील. नाझी राजवटीमुळे युरोप सोडावा लागलेले हे कुटुंब अमेरिकेत स्थायिक झाले. वोल्फ यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली, पुढे येल विद्यापीठात अध्यापन केले आणि १९६१ पासून ते रॉचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक होते. गंधकाच्या संयुगांपासून ऊर्जा मिळवणारे जीवाणू हा त्यांच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय होता. सूर्यप्रकाशावाचून, सेंद्रिय अन्नावाचूनही जीवन तग धरू शकते, हे या जीवाणूंमुळे त्यांना फार आधी उमगले होते.

१९५९ मध्ये परग्रहावरील जीवन शोधणारे उपकरण तयार करण्यासाठी नासाने त्यांना अनुदान दिले. त्यांनी घडवलेल्या यंत्राला सहकाऱ्यांनी त्यांच्याच नावावरून ‘वोल्फ ट्रॅप’, म्हणजे लांडग्याचा सापळा, असे गमतीदार नाव दिले. यंत्राची कल्पना साधी होती. चिमूटभर माती पोषक द्रवात टाकायची. जीवाणू वाढले तर द्रव गढूळ होईल आणि त्याची आम्लता बदलेल. मंगळावर जाणाऱ्या व्हायकिंग मोहिमेसाठी या प्रयोगाची निवड झाली. मात्र १९७२ मध्ये खर्चाच्या कारणास्तव तो वगळण्यात आला. बारा-तेरा वर्षांच्या परिश्रमांवर असे पाणी पडूनही व्हिश्नियाक मोहिमेच्या जीवशास्त्र गटातून बाहेर पडले नाहीत.

त्याच सुमारास एक वाद रंगला होता. नॉर्मन होरोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कोरड्या खोऱ्यांतील मातीच्या काही नमुन्यांत जीवाणू सापडले नव्हते. पृथ्वीवरच अशी माती वांझ असेल, तर मंगळाकडून आशा कशी धरायची? व्हिश्नियाक यांना दोष मातीपेक्षा तपासणीच्या पद्धतीत दिसत होता. माती प्रयोगशाळेत नेण्याऐवजी त्यांनी पोषक द्रव्येच खोऱ्यात नेली आणि मातीतच ठेवून पाहिली. १९७१-७२ च्या उन्हाळ्यात त्यांना तेथे सूक्ष्मजीवांची वाढ आढळली. पुराव्याला बळकटी आणण्यासाठी १९७३ मध्ये ते पुन्हा गेले.

१० डिसेंबरला माउंट बाल्डरच्या परिसरात पेरून ठेवलेले नमुने गोळा करण्यासाठी ते एकटेच निघाले. अंटार्क्टिकातील उन्हाळा असल्याने सूर्य मावळत नव्हता. रात्री साडेदहाची त्यांची नोंद अखेरची ठरली. त्या वेळी मातीचे तापमान उणे १० आणि हवेचे उणे १६ अंश सेल्सिअस होते. ते परतले नाहीत, तेव्हा शोध सुरू झाला. तीव्र उताराच्या पायथ्याशी त्यांचा मृतदेह सापडला. ते ५१ वर्षांचे होते.

काम मात्र थांबले नाही. त्यांच्या पत्नी हेलन याही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी अंटार्क्टिकातील मातीतून यीस्टची एक नवी प्रजाती वेगळी केली. १९७९ मध्ये तिला व्हिश्नियाक हेच नाव मिळाले. त्याच मोहिमेतील खडक इम्रे फ्रीडमान यांच्या हाती आले आणि त्या दगडांच्या आत, पृष्ठभागाखाली, जिवंत सूक्ष्मजीव आढळले. अर्थात, अतिउंच खोऱ्यांतील काही मातीत सक्रिय जीवनाचा माग लागत नाही, असे नंतरच्या अभ्यासांतून दिसले. होरोविट्झ यांची शंकाही निराधार नव्हती.

बर्फाखालील जगाने या कथेला पुढचा अध्याय जोडला. जानेवारी २०१३ मध्ये अंटार्क्टिकातील व्हिलन्स सरोवरापर्यंत सुमारे ८०० मीटर जाडीचा बर्फ भेदून छिद्र पाडण्यात आले. सूर्यकिरण न पोहोचणाऱ्या, पोषणद्रव्यांनी दरिद्री अशा त्या थंड पाण्यात दर मिलिलिटरमागे सुमारे १,३०,००० पेशी आढळल्या. त्यांपैकी अनेक जीव अमोनियम, लोह व गंधकाच्या संयुगांपासून ऊर्जा मिळवतात. व्हिश्नियाक यांनी तारुण्यात अभ्यासलेल्या जीवाणूंची जगण्याची रीत हीच.

गोमंतकीयांना हा विषय परका नाही. १९८१ मध्ये भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्यातूनच निघाली आणि आज वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र या मोहिमांची धुरा वाहते. ‘मैत्री’ तळाच्या परिसरातील गोठणाऱ्या तळ्यांतही सूक्ष्मजीवांचा अभ्यास होतो. मंगळावरील एका विवराला आणि अंटार्क्टिकातील एका शिखराला व्हिश्नियाक यांचे नाव आहे. काही सापडले नाही म्हणजे तेथे काही नाही, असे मानण्यापूर्वी शोधण्याची रीत तपासावी, हा त्यांचा आग्रह होता. तो सिद्ध करण्यासाठी केलेल्या प्रवासातच त्यांचा अंत झाला.