अर्ल सदरलँड

अर्ल विल्बर सदरलँड, ज्युनियर (१९ नोव्हेंबर, १९१५ – ९ मार्च, १९७४) हे अमेरिकन औषधशास्त्रज्ञ व जीवरसायनशास्त्रज्ञ होते. संप्रेरके पेशीच्या बाहेर राहून पेशीतील व्यवहार कसे घडवून आणतात, याचा उलगडा त्यांनी केला. या कार्यासाठी त्यांना १९७१ सालचा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला.

जीवन

सदरलँड यांचा जन्म अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील बर्लिंगेम या लहान गावी झाला. महामंदीच्या काळात त्यांनी रुग्णालयात काम करून शिक्षण पुरे केले. १९३७ मध्ये वॉशबर्न कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांनी सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातून १९४२ मध्ये वैद्यकीय पदवी मिळवली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात डॉक्टर म्हणून सेवा केल्यानंतर ते कार्ल कोरी यांच्या प्रयोगशाळेत परतले आणि वैद्यकीय व्यवसायाऐवजी संशोधनाकडे वळले.

संशोधन

उपाशीपोटी किंवा संकटप्रसंगी रक्तातील साखर अपुरी पडू नये, म्हणून यकृत आपल्या साठ्यातील ग्लायकोजेनचे विघटन करून ग्लुकोज रक्तात सोडते. स्वादुपिंडातील ग्लुकागॉन आणि अधिवृक्क ग्रंथीतील अॅड्रेनॅलिन ही संप्रेरके यकृताला तसा आदेश देतात. या विघटनाचा वेग फॉस्फोरिलेज या विकरावर अवलंबून असतो, असे सदरलँड यांनी दाखवले.

संप्रेरकांचे कार्य केवळ अखंड पेशीतच घडते, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. १९५३ मध्ये सदरलँड क्लीव्हलँडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात गेले. तेथे थिओडोर रॉल व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी यकृताच्या पेशी फोडून त्या मिश्रणावर प्रयोग केले. संप्रेरकाचा परिणाम त्यातही दिसला; मात्र पेशीपटलाचे तुकडे असलेला साका वेगळा काढताच तो नाहीसा झाला. हा साका आणि संप्रेरक एकत्र ठेवल्यास उकळूनही न बिघडणारा एक लहान रेणू तयार होई आणि तो उरलेल्या द्रवात घातला की फॉस्फोरिलेज कार्यान्वित होई. हा रेणू म्हणजे चक्रीय एएमपी होय. संप्रेरक हा पहिला आणि चक्रीय एएमपी हा दुसरा निरोप्या, अशी मांडणी सदरलँड यांनी केली.

अनेक संप्रेरकांचे भिन्न परिणाम एकाच रेणूमुळे घडू शकतील, हे अनेक शास्त्रज्ञांना प्रारंभी पटले नाही. पेशीपटलावर कोणते ग्राही आहेत आणि पेशीत कोणती विकरे आहेत, यांवर परिणाम ठरतो, हे पुढे स्पष्ट झाले. ग्लुकागॉनचा ग्राही व चक्रीय एएमपी तयार करणारे विकर हे दोन वेगळे घटक असून जी-प्रथिन त्यांना जोडते, हेही नंतरच्या संशोधनातून कळले. साखर कमी करणाऱ्या इन्सुलिनचा ग्राहीसुद्धा पेशीपटलावरच असतो; परंतु तो स्वतःच विकराचे काम करतो.

अखेरची वर्षे

१९६३ मध्ये सदरलँड नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९७३ मध्ये ते मायामी विद्यापीठात गेले व पुढील वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांनी मांडलेली दुसऱ्या निरोप्याची संकल्पना आज शरीरक्रियाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांचा भाग आहे.