होसे आंद्रादे : टाळ्यांचा धनी, भाकरीला महाग

फुटबॉलचा पहिला विश्वचषक 1930 साली उरुग्वे या देशाने जिंकला, हे क्रीडाप्रेमींना ठाऊक असते. पण त्या विजयात एका कृष्णवर्णीय बूट-पॉलिशवाल्याचा केवढा वाटा होता आणि विजयानंतर त्याच्या वाट्याला काय आले, हे फारसे कुणी सांगत नाही. होसे लेआंद्रो आंद्रादे हे त्याचे नाव. आफ्रिकेतून साखळदंडात बांधून आणलेल्या गुलामांच्या वंशात जन्मलेला हा माणूस जगातील पहिला कृष्णवर्णीय फुटबॉल सम्राट ठरला आणि अखेर कफल्लक अवस्थेत मेला.

उरुग्वे हा ब्राझील आणि अर्जेंटिना या दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये दबलेला चिमुकला देश. 1930 साली त्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आत होती. आजही ती सुमारे 35 लाखच आहे. गुलामगिरी तेथे 1842 साली कायद्याने संपली. परंतु कायद्याने बेडी तुटली तरी माणसाच्या कपाळावर मारलेला शिक्का तेवढ्याने पुसला जात नाही, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आंद्रादेचा जन्म 1901 साली साल्तो येथे झाला. पोटासाठी तो राजधानी मोंटेव्हिडिओत आला. त्याने रस्त्यावर वर्तमानपत्रे विकली, लोकांचे बूट चमकवले आणि कार्निव्हलमध्ये कंदोम्बेचे ढोल वाजवले. कंदोम्बे हे गुलामांच्या वंशजांनी जिवंत ठेवलेले संगीत. ज्यांची भाषा, नावे आणि देव हिरावून घेतले गेले, त्यांनी ढोल मात्र सोडला नाही. आंद्रादेच्या पायातील लय या ढोलाचीच होती, असे तेथील लोक सांगतात.

त्याच्या आधीची एक घटना लक्षात घेतली पाहिजे. 1916 साली दक्षिण अमेरिकेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा ब्युनॉस आयर्स येथे झाली. उरुग्वेने चिलीचा 4-0 असा पराभव केला. इसाबेलिनो ग्रादिन या कृष्णवर्णीय खेळाडूने त्यात दोन गोल केले. पराभूत चिलीच्या बाजूने तक्रार कसली झाली? उरुग्वेने आफ्रिकन खेळाडू खेळवले म्हणून निकाल रद्द करा! ग्रादिन आणि हुआन देल्गादो हे दोघेही उरुग्वेचेच नागरिक होते. पण गोऱ्यांच्या मनात काळा माणूस कोणत्याच देशाचा नसतो. चिलीचे काही चालले नाही आणि उरुग्वेने ती स्पर्धा जिंकली.

1924 साली पॅरिस ऑलिम्पिकला उरुग्वेचा संघ निघाला तो स्वस्तातल्या वर्गाने, आणि वाटेत स्पेनमध्ये सामने खेळून पैसा उभा करीत. संघात कोण होते? कर्णधार होसे नासाझी हा संगमरवर कापणारा कारागीर, पेद्रो सेआ हा घरोघर बर्फ पोचवणारा, आणि आंद्रादे. युरोपच्या संघांनी त्यांना मोजलेच नव्हते. या कष्टकऱ्यांनी युगोस्लाव्हियाचा 7-0, अमेरिकेचा 3-0, यजमान फ्रान्सचा 5-1, हॉलंडचा 2-1 आणि अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडचा 3-0 असा धुव्वा उडवला. पाच सामन्यांत 20 गोल केले, खाल्ले फक्त दोन!

पॅरिस आंद्रादेवर लुब्ध झाले. वर्तमानपत्रांनी त्याला काळा चमत्कार म्हणून डोक्यावर घेतले. कौतुक खरे होते, पण त्यातही आधी त्याचा रंगच मोजला गेला. काळा माणूस इतका बुद्धिमान खेळ खेळतो याचे त्यांना नवल वाटले. हे नवल हीसुद्धा अवहेलनेचीच सभ्य आवृत्ती असते.

1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये उरुग्वेने पुन्हा सुवर्णपदक जिंकले. इटलीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात आंद्रादे गोलखांबावर आदळला, डोळ्याला इजा झाली आणि पुढे त्या डोळ्याची दृष्टी गेली, असे सांगितले जाते. तरीही 1930 च्या विश्वचषकात तो खेळला. 30 जुलै 1930 रोजी अर्जेंटिनाला 4-2 असे हरवून उरुग्वे जगज्जेता झाला.

आता खरा प्रश्न. तीन जागतिक विजय मिळवून देणाऱ्याला देशाने काय दिले? त्या काळी खेळ हौशी मानला जाई. हौशी म्हणजे खेळाचा मोबदला मागायचा नाही. श्रीमंताला हा नियम शोभतो, कारण त्याची चूल खेळावर पेटत नाही. गरिबासाठी हाच नियम वेठबिगारी ठरतो. उरुग्वेत व्यावसायिक फुटबॉल 1932 साली सुरू झाले, तेव्हा आंद्रादेची उमेदीची वर्षे सरली होती. करार नाही, निवृत्तिवेतन नाही, जखमेची भरपाई नाही. दारिद्र्य, व्यसन आणि आजार यांनी त्याला घेरले. 1956 साली एका जर्मन पत्रकाराने त्याला शोधून काढले, तेव्हा तो मोंटेव्हिडिओतील एका तळघरात विपन्नावस्थेत होता. 1957 साली एका आश्रयगृहात त्याचे निधन झाले.

व्यसनाला बोल लावून मोकळे होणारे पुष्कळ भेटतील. पण टाळी हा हक्क नसतो, तिच्यावर दावा सांगता येत नाही. टाळी वाजवणाऱ्याच्या मर्जीवर असते, तर हक्क लढून आणि लिहून घ्यावा लागतो.

पुढच्या पिढीने हे ओळखले. 1948 साली उरुग्वेच्या खेळाडूंनी आपल्या हक्कांसाठी संप केला आणि तो कित्येक महिने चालवला. त्याच्या नेत्यांपैकी एक होता ओब्दुलिओ वारेला, तोही मिश्रवंशीय आणि लहानपणी वर्तमानपत्रे विकणारा. याच वारेलाच्या नेतृत्वाखाली 16 जुलै 1950 रोजी माराकाना मैदानावर उरुग्वेने ब्राझीलला 2-1 असे नमवून दुसरा विश्वचषक जिंकला. त्या संघात आंद्रादेचा भाचा व्हिक्टर रॉड्रिगेझ आंद्रादे होता. मामा एकटा होता, म्हणून हरला. भाच्याची पिढी संघटित होती.

आणि 2013 साली उरुग्वेच्या संसदेने कायदा क्रमांक 19,122 संमत केला. आफ्रिकी वंशाच्या नागरिकांवर गुलामीच्या व्यापारापासून अन्याय झाला, हे राज्याने त्यात मान्य केले आणि शासकीय पदभरतीत त्यांच्यासाठी 8 टक्के जागा 15 वर्षांसाठी राखून ठेवल्या. आंद्रादेच्या मृत्यूनंतर 56 वर्षांनी!

उरुग्वेच्या जर्सीवर आज चार तारे झळकतात. 1924, 1928, 1930 आणि 1950. त्यातील पहिल्या तीन ताऱ्यांवर आंद्रादेच्या घामाचा हक्क आहे. तो त्याला जिवंतपणी कुणी दिला नाही. म्हणून नायकांचे पुतळे उभारण्याआधी, त्यांच्या हयातीत त्यांना भाकरीची शाश्वती मिळते की नाही, हे समाजाने एकदा तपासून पाहावे.