केशव देव मालवीय

केशव देव मालवीय (११ जून, इ.स. १९०४ – २७ मे, इ.स. १९८१) हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक, काँग्रेसचे नेते आणि केंद्रीय मंत्री होते. तेल व नैसर्गिक वायू आयोगाच्या स्थापनेमागील प्रमुख प्रेरणा त्यांची असल्याने त्यांना भारतीय पेट्रोलियम उद्योगाचे जनक म्हटले जाते. मुंबईलगतच्या समुद्रातील तेलाचा शोध हे त्यांनी आखलेल्या धोरणाचे सर्वांत मोठे फलित मानले जाते.

सुरुवातीचे जीवन

मालवीय यांचा जन्म अलाहाबाद येथे झाला. कानपूरच्या हारकोर्ट बटलर तंत्रज्ञान संस्थेत त्यांनी तांत्रिक शिक्षण घेतले. स्वातंत्र्य चळवळीत त्यांनी कारावास भोगला. स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशाच्या शासनात काम केल्यावर ते केंद्रात आले आणि १९५४ साली नैसर्गिक संपत्ती व वैज्ञानिक संशोधन खात्याचे उपमंत्री झाले.

तेल आयोगाची स्थापना

त्या काळी भारतातील तेल उत्पादन आसामपुरते मर्यादित होते. शोध, शुद्धीकरण आणि विक्री या तिन्ही गोष्टींवर परदेशी कंपन्यांचे वर्चस्व होते. मुंबईत तुर्भे (ट्रॉम्बे) परिसरात १९५४-५५ च्या सुमारास सुरू झालेले दोन शुद्धीकरण कारखाने स्टँडर्ड-व्हॅक्युम आणि बर्मा-शेल या कंपन्यांचे होते. तेलाचा शोध खर्चिक व जोखमीचा असल्याने तो या कंपन्यांवर सोपवावा, असे मानणारा प्रभावी वर्ग शासनातही होता. भूगर्भाची माहिती आणि खोदकामाची साधने स्वतःच्या हाती नसतील, तर तेलाचा भाव व पुरवठा दुसरेच ठरवतील, अशी मालवीय यांची भूमिका होती.

१९५५ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली एका शिष्टमंडळाने युरोपातील तेल उद्योगाची पाहणी केली. त्यानंतर आलेल्या सोव्हिएत तज्ज्ञांनी देशातील गाळाच्या खडकांच्या खोऱ्यांचा अभ्यास करून अनुकूल अहवाल दिला. १४ ऑगस्ट १९५६ रोजी तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला आणि १९५९ मध्ये त्यास संसदेच्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला.

देशात खोदकामाचे रिग बनत नसल्याने ते रुमानिया व सोव्हिएत संघातून आणले गेले. १९५७ मध्ये ज्वालामुखी येथे आयोगाची पहिली विहीर रुमानियन रिगने खोदण्यास सुरुवात झाली, परंतु तेथे तेलाचा व्यापारी साठा मिळाला नाही. सप्टेंबर १९५८ मध्ये खंभातजवळ लुणेज येथे तेल लागले. १९६० मध्ये अंकलेश्वरचे मोठे क्षेत्र सापडले. तेथील विहिरीस पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी वसुधारा हे नाव दिले. माहीमच्या खाडीपलीकडे वांद्रे (पूर्व) येथील आयोगाच्या इमारतीचे वसुधारा भवन हे नाव त्याचेच स्मरण देते.

१९६० मध्ये सोव्हिएत संघाने स्वस्त खनिज तेल देऊ केले, तेव्हा परदेशी कंपन्यांनी ते आपल्या कारखान्यांत शुद्ध करण्यास नकार दिला. सार्वजनिक क्षेत्रातील शुद्धीकरण कारखान्यांचा मालवीय यांचा आग्रह त्यामुळे अधिक दृढ झाला. गुवाहाटी, बरौनी आणि कोयली येथील कारखाने याच धोरणातून उभे राहिले.

राजीनामा

ओडिशातील सिराजुद्दीन या खाणमालकाकडून निवडणुकीसाठी पैसे घेतल्याच्या आरोपावरून न्यायमूर्ती एस. के. दास यांनी चौकशी केली. त्यानंतर जून १९६३ मध्ये मालवीय यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आयोगाचे काम मात्र त्यांनी घालून दिलेल्या दिशेने सुरू राहिले.

मुंबई हाय

१९६०च्या दशकाच्या मध्यात सोव्हिएत जहाजाच्या साहाय्याने मुंबईजवळील समुद्रात भूकंपीय सर्वेक्षण झाले आणि समुद्रतळाखाली खडकांचा एक विस्तीर्ण उंचवटा आढळला. जपानमध्ये बांधलेल्या सागर सम्राट या तरत्या रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेथे तेल शोधले. स्वतःचे पाय समुद्रतळावर टेकवून पाण्याच्या वर उचलल्या जाणाऱ्या या रिगचे चित्र पुढे १ रुपयाच्या नोटेवर झळकले.

शोध लागला त्या वेळी पेट्रोलियम खाते मालवीय यांच्याकडे नव्हते. पुढे ते त्यांच्याकडे आले आणि २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. तोपर्यंत तुर्भ्याचे दोन्ही कारखाने राष्ट्रीयीकृत झाले होते. सुरुवातीस टँकर जहाजांनी आणि नंतर समुद्रतळावरील नळवाहिन्यांनी मुंबई हायचे तेल किनाऱ्यावर येऊ लागले.

या खोऱ्यातील खडकस्तरांना किनाऱ्यावरील ओळखीच्या गावांची नावे आहेत. त्यांत माहीम, वांद्रे, अलिबाग आणि रत्नागिरी यांचा समावेश होतो. मुंबई हायचे मुख्य उत्पादन मायोसीन काळातील चुनखडकातून होते. त्याहून खोल असलेल्या पन्ना स्तरात काही ठिकाणी दाब व तापमान दोन्ही बरेच वाढतात. विहिरीच्या तळाशी सुमारे १५० अंश सेल्सियसपेक्षा अधिक तापमान आणि ६९० बारपेक्षा अधिक दाब असल्यास ती उच्च दाब-उच्च तापमान विहीर समजली जाते. अशा विहिरीत रबराच्या सीलऐवजी अनेक ठिकाणी धातूचे सील लागतात. विहिरीतील द्रवाचा उद्रेक रोखणारे ब्लोआउट प्रिव्हेंटर आणि उत्पादन नियंत्रित करणारी ख्रिसमस ट्री ही झडपांची जुळणीही अधिक क्षमतेची असावी लागते. ही साधने मोजकेच उत्पादक बनवतात. त्यामुळे साधनांच्या स्वावलंबनाचा जो प्रश्न मालवीय यांनी १९५५ मध्ये मांडला, तो अधिक खोलीवरील खोदकामात आजही महत्त्वाचा आहे.

अखेरची वर्षे व वारसा

१९७७ च्या लोकसभा निवडणुकीत डुमरियागंज मतदारसंघात मालवीय पराभूत झाले. २७ मे १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. डेहराडून येथील आयोगाच्या संशोधन संस्थेस त्यांच्या स्मरणार्थ केशव देव मालवीय पेट्रोलियम अन्वेषण संस्था असे नाव देण्यात आले.